ढवळीचा ब्रेक

२९ ऑक्टोबर २००१
शाळेतून येताना बाजारपेठेच्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला. दुसऱ्यांदा दाबला, मग कुठे लागला. समोर म्हैस. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिच्या गोठ्यात शिरलेय. घरी येईस्तोवर दुसरा गिअर सोडला नाही. ह्यांना सांगितलं नाही. वकील माणूस, लगेच 'विकून टाक'चा युक्तिवाद सुरू.
नाना, माझे वडील, गेले तेव्हा माहेरची, कापड्याची भातगिरणी दादाकडे राहिली आणि ही पांढरी गाडी माझ्याकडे आली. ढवळी हे नावही नानांनीच ठेवलेलं. त्यांची म्हणून माझ्याकडे दुसरं काय आहे? विकायची नाही. बस्स.

३० ऑक्टो.
बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची डबी निम्मी रिकामी. म्हणजे कुठेतरी गळतंय. चारही चाकांखाली पेपर पसरून ठेवले.

३१ ऑक्टो.
डाव्या मागच्या चाकाखाली ओला डाग, बरोबर अग्रलेखावर. बाकीचे तीन कोरडे. सापडला चोर!
पण पेपर वाचायला ह्यांनाच हवा होता, त्यामुळे सगळं उघडकीला आलं. "ब्रेक नसलेली गाडी दारात ठेवायची म्हणजे..." वगैरे वगैरे. आणि मग खरी बातमी. एमआयडीसीतल्या एका साहेबांना जुन्या गाड्यांचा नाद आहे, त्यांच्याशी बोलणं झालंय, दिवाळीनंतर बघायला येणार. मला न विचारता! इतका राग आला की आमटीत मीठ दोनदा पडलं. एकदा चुकून, एकदा नाही.

१ नोव्हें.
बाळूच्या गॅरेजात. चाक काढलं, ड्रम काढला, आत सगळं चिंब. चाकातल्या छोट्या सिलिंडरचं रबर गेलेलं. बाळू म्हणे, "वहिनी, हाय काय नि नाय काय! रबर बदलला की झाला." बदललं. मग ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढायची. तो गाडीखाली आडवा, मी आत बसून. "दाबा... धरा... सोडा." पाऊण तास. रस्त्यावरून आमचे हेडमास्तर गेले, नमस्कार केला. मी पाय तसाच दाबून धरून केला.

५ नोव्हें.
परत गळती. आता पुढचं उजवं. शिवाय दाबलेलं पायडल वर यायला कुरकुरतंय. हे नुसते हसले. ते जास्त लागलं.
बाळू म्हणतो, मास्टर सिलिंडर, म्हणजे पायडलजवळचा मुख्य पंप, गेला. गुरुवारी रबर, आज सिलिंडर, उद्या म्हणेल गाडीच गेली. त्याच्याकडून काढलेलं जुनं रबर मागून आणलं. निघताना तिथेच एका नव्याशेजारी ठेवून पाहिलं तर जुनंच मोठं, भिजलेल्या वाटाण्यासारखं मऊ. झिजलेलं रबर बारीक होईल, फुगेल कशाला?

६ नोव्हें.
सायन्सच्या देशपांडे बाईंना रबर दाखवलं. म्हणाल्या, साधं तेल लागलं की रबर असं फुगतं. खरं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, तेल तरंगतं, घरी करून बघा.
डबीतलं थोडं पेल्यात काढलं, पाणी घालून ढवळलं. वर हा एवढा तवंग! बाळूनेच काहीतरी भलतं ओतलं असणार म्हणून फणफणत निघाले, तर ओटीवरून अण्णा, माझे सासरे, "काय झालं सूनबाई?" सांगितलं. अण्णा खाकरले. मग म्हणाले, "खंडेनवमीला..."
खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं तेल देऊन पूजेला मांडणं हे अण्णांचं काम. विळी, कोयता, अडकित्ता, शिलाई मशीन. यंदा ढवळीलाही मान दिला. "तिची ती डबी जराशी उणी दिसली गं. सणाला उणं कशाला ठेवा? मशीनचं तेल उरलं होतं, तेच घातलं."
मी पायरीवरच बसले आणि पोट धरून हसले. अण्णांचं तोंड एवढंसं. "पूजा केली गं मी तिची." म्हटलं, अण्णा, शिलाई मशीन मात्र झकास चालतंय.

७ नोव्हें.
जेवताना अण्णांनी स्वतःच ह्यांच्यापुढे कबूल केलं. म्हणाले, चूक माझी, शिक्षा गाडीला का? हे जरा विरघळले. तडजोड अशी: भाऊबीजेपर्यंत दुरुस्त झाली आणि कापड्याला जाऊन धड परत आली तर विचार करू, नाहीतर साहेबांना देऊन टाकायची. मान्य.

९ नोव्हें.
आता सगळीच रबरं बदलायची, पाइप स्पिरिटने धुवायचे. पण रबरांचा सेट महाडात नाही, पोलादपुरातही नाही. दिवाळी तोंडावर. दादाला फोन लावला, रडायचीच बाकी होते. दादा म्हणतो, "बाय गो, रडतेस कशाला? मी हाय ना. तांदूळ घेऊन गाडी चालली पुन्याला, तिच्या हातून मागवतो."

१४ नोव्हें., लक्ष्मीपूजन
सेट काल आला! बाळू सण असून बसला, देव त्याचं भलं करो. पायडल दाबायला अण्णा, हट्टाने. "दाबा... धरा... सोडा." घाम निथळला पण उठले नाहीत. शेवटी बुडबुडे थांबले, पायडल घट्ट.
संध्याकाळी अण्णा तेलाची बाटली घेऊन गाडीकडे निघाले. मी नुसतं बघितलं. "पणतीसाठी गं, पणतीसाठी!"

१६ नोव्हें., भाऊबीज
गेलो आणि आलो.
ह्यांना गाडी येत नाही, शेजारी बसले. कापड्यात दादाला ओवाळलं. त्याने ह्यांना सरळ विचारलं, "नानांची गाडी विकताव म्हनं?" हे म्हणाले, "अजून निकाल नाही."
पुरती खात्री करायची म्हणून कापड्याच्या पुढे घाटात थोडी वर नेली आणि वळवली. आता उतार. पहिल्या वळणावर हलकेच दाबला, लागला. दुसऱ्याला जोरात, जागच्या जागी थांबली! हे दोन्ही पाय पुढे रोवून बसलेले, डोळे मिटलेले. मला वाटलं, ह्यांना ओकारी येतेय. डोळे उघडून बाहेर बघितलं, खाली दरी, तिच्यात पिवळं भात. म्हणाले, "अगं, थांबली की गं."
पोलादपूर मागे पडल्यावर म्हणाले, "मला शिकवशील का चालवायला?"
बावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला 'शिकव' म्हटलेलं नाही. मी नुसती मान हलवली.
पण साहेबांना 'येऊ नका' म्हणून ह्यांनी अजून फोन केलेला नाही. विचारलं तर म्हणतात, करतो. पहिला धडा रविवारी सकाळी. साहेब रविवारी दुपारी येणार.