मधल्या भिंतीखालचं

बाबा, तुमाले जाऊन इतके वर्स झाले, आता लिवून काय होते, पन मले भेव वाटून राह्यलं अन् हे दुसऱ्या कोनाले सांगता येत नाई.

नालवाडीच्या घराची मधली भिंत, सैपाकघर अन् समोरच्या खोलीच्या मधातली. तिचा पायवा भराच्या वेळी तुमी तीन दिवस आर्वीले कामावर गेलते. जाताना सांगतलं, काळी माती सारी काढजो, ते दबते, मुरूम लागल्याबिगर पायवा भरू नोको. बाकीचे पायवे तुमी सोता उभं राहून भरले, हा एकच माह्यावर सोडला. मी कमरेएवढं खंदलं, काळीच माती. आनखी खंदलं, काळीच. उन्ह तापत होतं, मले कटाळा आला. दगड-गिट्टी टाकली, कुटली, अन् भिंत चढवली. तुमी येता, चप्पल न काढता तिथं उभे राह्यता, थापीच्या मुठीनं भिंत ठोकता. "मुरूम लागला का रे?" मी म्हन्तो, लागला. वाटलं, आता कुदळ घेऊन उकरून पाहाल. तुमी माह्या पाठीवर हात ठेवला. तुमची शाबासकी मले जनमात तेवढीच भेटली.

आता तुमची नात इंजिनेर झाली. वरतं दोन खोल्या काढाच्या म्हनून तिनं आपलं घर कम्प्युटरवर काढलं. मी म्हन्लं, एवढा नखरा कायले, आपन बांधलेलं कोनतं घर पडलं? ती हासली, अन् मले बाजूले बसवून दाखोलं. कॉलम म्हन्जे स्लॅबखाली एक टिपका. त्याची जाडी टाकते, उंची टाकते, त्याचं डोकं स्लॅबात पक्कं बांधलं का नुसतं टेकलं ते टाकते, मंग कम्प्युटर सांगते तो किती दबन. भिंत म्हन्जे एक रेघ, स्लॅब त्या रेघेवर बसते. मी इचारलं, रेघेखाली जमीन कशी आहे हे याले कसं समजते?

"नाई समजत, पप्पा. आपन सांगतो तेच ते खरं धरते. म्हनून तं तुमाले इचारते. मधली भिंत मुरमावर आहे ना?"

मी म्हन्लो, आहे. तिनं बटन दाबलं अन् सारं घर हिरवं झालं, हिरवं म्हन्जे वजन झेलते.

माह्यापाशी दम नाई, तुमाले माईतच आहे. ती थांबा म्हनत होती तरी मी विटा गच्चीवर चढोल्या, नेमक्या त्या भिंतीच्या डोक्यावर. परवा सैपाकघरात पानी प्याले गेलो तं पलस्तरात केसाएवढी तिरपी भेग. तिच्यावर काचेची पट्टी सिमेटनं चिकटोली, भेग वाढून राह्यली का पाहाले आपन चिकटोतो तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी काच मधातून तडकली होती. अन् तुमची सून त्याच भिंतीले पाठ लावून मेथी निसत बसली होती. उठ म्हन्लं तं इचारते काऊन. सांगता येईना, हाताले धरून वढत आंगनात आनलं.

फोन केला तं पोरगी नागपूरवरून तशीच आली. आल्या आल्या विटा खाली उतरोल्या, भिंतीच्या दोनी बाजूले लोखंडी टेकू लावले. मंग कम्प्युटर उघडून, मधली भिंत नाईच असं धरून तिची रेघ पुसली. मधातलं सारं लाल झालं. मी इतका भेलो का खुर्चीच सरकोली, जसं घर तिथंच पडून राह्यलं.

"पप्पा, भिंत खचून राह्यली. खाली मुरूम नाई हे तुमाले माईत होतं?"

"मले काय माईत. तो पायवा तुह्या आबाजीनं भरला."

बाबा, तोंडातून असंच निंगालं. ती म्हने, आबाजी असं करन असं वाटलं नव्हतं. अन् वहीत लिवून घेतलं, मधली भिंत, पायवा कच्चा, आबाजीचं काम.

उद्या ती भिंतीच्या बुडाशी खंदून पाहानार आहे. टेकू आहेत, तुमची सून तिच्या बहिनीकडं पिपरीले धाडली, तरी मी घडीघडी उठून ती भेग पाहून येतो. हा कागद तुमाले पोचत नाई, अन् जिच्या हाती द्याले पाह्यजे तिले द्याची हिंमत नाई. आज दोनदा तिले हाक मारली. दोनी वेळा ती समोर येऊन उभी राह्यली, अन् मी म्हन्लो, चहा घेतं का.