आईच्या थडग्यावर तुमचं नाव

टिलमन क्रॉसिंग, मिसिसिपी
२० एप्रिल १९६५

ती. बाबांना ओझेलाचा नमस्कार.

पत्र पोचलं. मी बरी आहे. हॅटीमावशी गुडघ्यांनी बेजार आहे, पण जीभ शाबूत आहे. यंदा कापसाची पेरणी लांबली, जमीन अजून ओलीच आहे. शिकागोत आता थंडी सरली असेल.

तुमच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. खाटीकखान्याच्या यंत्रात करंगळी गेली हे तुम्ही शेवटच्या पानावर लिहिलंत, आणि त्या गोऱ्या पोरांनी तुम्हाला ओळखलं नाही हे पहिल्याच ओळीत. कुणाला काय झोंबेल, काही नेम नाही.

त्यांना मी काय सांगितलं, असं विचारलंयत. सांगते ना. घाई कसली? आम्हीही थांबलोच की.

गेल्या शरदात आली ती दोघं, उत्तरेकडच्या कुठल्याशा कॉलेजातली. घामानं निथळत होती. तुमची एक जुनी तबकडी तान्ह्या मुलासारखी गोधडीत गुंडाळून आणली होती. "मॅडम, गायक कॉर्डेल टार्प्ली इथलेच ना?" गोऱ्या माणसानं मला मॅडम म्हणायची ही पहिलीच खेप. कुणाला म्हणतोय म्हणून मी मागं वळून बघितलं. तुमची गाणी त्यांना तोंडपाठ. मला एकही येत नाही. आई तेवढी गुणगुणायची, तीही चर्चमधल्या बायका आसपास नसल्या तर. सैतानाची गाणी ना ती.

"त्यांची गिटार बघायला मिळेल का?" म्हणाले. म्हटलं, मिळेल, पण स्मशानात यावं लागेल.

आपल्याकडची रीत तुम्ही विसरला नसाल. मेलेल्या माणसानं शेवटी हाताळलेल्या वस्तू फोडून मातीवर ठेवायच्या, म्हणजे साखळी तुटते, घरातलं दुसरं कुणी मागोमाग जात नाही. आईचा कप ठेवला, औषधाची बाटली ठेवली, दिव्याची काच ठेवली. आणि गिटार. "गिटार इथं आहे म्हणजे मी येणारच, लुडी," असं आईला म्हणून खिळ्याला टांगून गेला होतात ना? तीच. रोज पुसायची. शेवटच्या आजारात तर ती तिच्या अंथरुणात होती, बाबा, तुमच्या जागी. तुम्ही तिकडे विजेवरची नवी घेतलीत हे तिला कुणी सांगितलं नाही. मी सांगणार होते, एकदा रागाच्या भरात. नाही सांगितलं.

पुरल्यावर हॅटीमावशी म्हणाली, "मोड गं ती." मी पाय दिला. एका दणक्यात मोडली. इतकं बरं वाटलं मला!

लाकडी फळीवरचं आईचं नाव पावसानं धुऊन नेलं होतं. तेव्हा पोरांना दिसला नुसता मातीचा ढीग आणि वर तुमची गिटार. दोघांनी टोप्या काढल्या. एक तर हुंदके देऊन रडायला लागला. त्यांना वाटलं ते वाटलं, त्याला मी काय करणार?

नाही, तसं नाही. त्यातल्या उंच पोरानं मला सरळ विचारलं होतं, "इथं तुमचे वडीलच आहेत ना, मॅडम?" मी मान हलवली. चांगलं शुद्धीवर असताना हलवली.

मग त्यांनी मासिकात लिहिलं, तुमच्या जुन्या तबकड्या पुन्हा निघाल्या, आणि तुम्ही छान सूट घालून, केस चापून त्यांच्या दारात गेलात की मी जिवंत आहे! त्यांनी गायला लावलं. करंगळीत बाटलीचा गळा घालून तारेवर घसरवायचा, ही तुमची खासियत. आता करंगळीच नाही. बोटं बदलून कसंबसं वाजवलंत, आणि ते म्हणाले, नक्कल बरी आहे, पण टार्प्लींच्या आवाजातलं दुःख यात नाही. हे वाचून मी हसले, बाबा. स्टोव्हवरचे घेवडे करपले, इतकी हसले. तुमचीच नक्कल तुम्हाला जमली नाही म्हणे!

हॅटीमावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दुःख कुठलं असणार त्याच्यात? ते सगळं इथंच ठेवून गेला की मेला!"

आता तुम्ही म्हणता, पाद्रीबाबांच्या सहीनं दोन ओळी लिहून दे की हेच माझे वडील. म्हणजे उन्हाळ्यात ते तुम्हाला जहाजानं युरोपात नेतील, मोठ्या सभागृहांतून गायला लावतील. हीच शेवटची संधी, असं लिहिलंयत. खरं आहे. या वयात पुन्हा कोण विचारणार?

आणि खरं सांगायचं तर मी लिहायलाही बसले होते. तुमच्यासाठी नव्हे. त्या पोरांनी गावोगाव फिरून वर्गणी काढली आणि ईस्टरच्या आधी थडग्यावर दगड बसवला. काळा, गुळगुळीत, गोऱ्यांच्या स्मशानात असतात तसला. त्यावर तुमचं नाव, गिटारीचं चित्र, आणि खाली 'ज्याचा आवाज कधी थांबला नाही'. आईचं नाव कुठंच नाही. ती खाली आहे हे त्यांना ठाऊकच नाही. हॅटीमावशी बघतच राहिली. "जन्मभर छळलं ते पुरे नाही झालं, आता हिच्या छातीवर येऊन बसला!" म्हणाली आणि ओल्या मातीत फतकल मारून रडली. तिला उठवता उठवता माझीही कंबर गेली.

दगड हलवायचा तर तुम्ही जिवंत आहात हे सांगायला हवं. ते सांगितलं की तुम्ही निघालात युरोपला. आईला तिची जागा मिळते आणि तुम्हाला जग मिळतं. पुन्हा तिच्याच जिवावर.

काल तो उंच पोरगा परत आला. तुम्ही त्यांना धाडलेलं पत्र आणि तुमचा फोटो घेऊन. बिचाऱ्याचा चेहरा पडला होता. "हा माणूस स्वतःला टार्प्ली म्हणवतो, मॅडम. तुम्ही म्हणाल तेच आम्ही मानू." मी फोटो खिडकीशी नेला. पुष्कळ वेळ बघितला. कान माझ्यासारखे आहेत तुमचे. म्हातारे झालात. मला वाटलं होतं राग येईल, पण मला तुम्हाला जेवायला वाढावंसं वाटलं. याचाच राग आला.

आई असती तर तिनं त्या दोन ओळी दिल्या असत्या, वर तुमची बॅगही भरून दिली असती. ती नाही, मी आहे.

"हा कोण, मला माहीत नाही," मी म्हटलं. "माझे वडील गेले. तुम्ही स्वतः त्यांच्यासाठी रडलात ना?" त्यानं माझा हात हातात घेतला, माफी मागितली. मी तसं लिहून दिलं, आणि गावात नव्यानंच आलेल्या पाद्रीबाबांनी त्या कागदावर सही केली. पोरगा तो कागद घेऊन गेला.

तेव्हा आता त्यांच्या दारात जाऊ नका. हाकलून देतील.

दगडाच्या मागच्या बाजूला मी खिळ्यानं आईचं नाव कोरायला घेतलंय. दगड कठीण आहे. आज पहिलं अक्षर झालं.

हाताची काळजी घ्या.

कै. कॉर्डेल टार्प्ली यांची एकुलती मुलगी,
ओझेला