पालथा डोंगर

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. आधी पाणी दे, नाहीतर हसताना ठसका लागेल. त्यांचंच खरं होतं. तुझी धाकटी, दगडांची डॉक्टरीण, सपशेल चुकली.

समुद्राच्या तळाशी लाव्हा गार पडतो तेव्हा त्याच्या उशा होतात, एकीवर एक रचलेल्या. पाठ वर फुगीर, शेपूट खालच्या दोघींच्या फटीत. आपल्या खाणीत शेपटं वर आहेत, म्हणजे अख्खा डोंगर पालथा पडलाय, हे बाबा डोळे गेल्यावरही नुसत्या हाताने सांगत होते. मी मात्र दोन वर्षांपूर्वी लिहिलं, की मी मोजलंय, डोंगर सुलटाच आहे, मुकादमकीने शास्त्र येत नाही. काल जुने फोटो काढले. मी मोजलेल्या उशीखाली चिरडलेलं गवत दिसलं. ती सुरुंगाने सुटून गडगडत, उलटी होऊन आलेली होती.

तुझ्या प्रत्येक पत्रात ‘बाबा ये म्हणतात’ असायचं. मला वाटायचं, भांडायलाच बोलावतायत. मीही हटून बसले. आता वीस तारखेला येते आणि त्यांच्यासमोर कान धरते.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. बाबा दोन तारखेला गेले. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. तुझ्या कॅम्पवर तार केली होती. ती पोचली नाही, हे तुझं पत्र वाचताना कळलं.

आता सांगतो त्यावर हवं तर माझ्याशी बोलू नकोस. तुझं ते दोन वर्षांपूर्वीचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलंच नाही. मुकादमकीबद्दलचं ते वाक्य त्यांच्या तोंडावर कसं म्हणणार? मी मनाचंच वाचलं, की बाबा, तुमचंच खरं. इतके खुलले, की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, पोरीने मानलं म्हणून. तेव्हा माफीसाठी जीव जाळू नकोस.

पण माझं शहाणपण नडलं. त्यांच्या लेखी भांडण मिटलं होतं. मालकाच्या मागे लागून त्यांनी कड्याचा तो उशांचा कोपरा सुरुंगातून वाचवला. तुझा हात धरून शेपूट दाखवायचं होतं. दर रविवारी विचारायचे, तिला पटलंय तर ती येत का नाही? मी विषय बदलायचो. शेवटी विचारणंही सोडलं. म्हणाले, आपलंच काहीतरी चुकलं असेल, तुला आठवतं का बघ.

वीसला उतरवून घ्यायला येतो. राग असू दे, पण ये.
तुझा दादा