मासा पाण्याप्रमाणे बदलतो

रनाळे,
ता. १२ जानेवारी २०२५

चि. काजल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझ्या पाड्यावर फोनला रेंज नाही, हे एका अर्थी बरेच झाले. फोनवर मी ओरडतो आणि तू हो अण्णा, हो अण्णा करून ठेवून देतेस. पत्र तुला शेवटपर्यंत वाचावे लागते. म्हसावदच्या किराणा दुकानात पाकीट ठेवण्याची सोय केली आहे. तिथून जीपवाला आमश्या ते वर आणून देईल.

विज्ञान दिनाला साहेब तुझा पाठ पाहायला येणार आणि विषय माशांचे अनुकूलन, हे वाचून माझी सारी नोकरी डोळ्यांपुढून गेली. हा पाठ मी चौतीस वर्षे घेतला. १९९६ साली त्याला जिल्ह्यात पहिले बक्षीस मिळाले. आपल्या घरात मासा शिजत नाही, मी आजवर एकाही माशाला हात लावलेला नाही, तरी परीक्षकांनी विचारले होते की गुरुजी नदीकाठी वाढले काय. माझा तक्ता सोबत गुंडाळून पाठवत आहे. त्यावर तांबड्या शाईत लिहिलेले वाक्य मुलांकडून पाच वेळा म्हणवून घे: मासा पाण्याप्रमाणे स्वतःला बदलतो.

दुसरी गोष्ट तक्त्याहून महत्त्वाची. शहाद्याची मंडळी परवा पुन्हा येऊन गेली. भूपेंद्ररावांना तू पसंत आहेस. त्यांची स्वतःची इंग्रजी शाळा आहे, तेव्हा लग्नानंतर तू सरकारी नोकरीचा राजीनामा द्यावास आणि त्यांच्या शाळेचे ऑफिस सांभाळावेस, एवढीच अट. उत्तर आखाजीपूर्वी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत हवे आहे. मी सांगून टाकले की आमची काजल कुठेही जुळवून घेईल. तुझी आई तेव्हा चहा गाळत होती. तिची हरकत दिसली नाही.

तब्येतीस जप. लोभ आहेच, तो या वयात नव्याने काय लिहावा.
तुझा,
अण्णा

---

मु. पाडा, तोरणमाळच्या पायथ्याशी,
ता. २७ जानेवारी

ती. अण्णांस,
काजलचा सा. न. वि. वि.

तक्ता मिळाला. वाटेत आमश्याने त्यात कोंबडी गुंडाळली नव्हती, एवढ्यावर समाधान मानते. भिंतीवर लावला तर पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. त्यावरच्या तुमच्या रोहू माशाला पाहून तिसरीतल्या दिवलीने विचारले की हा आजारी आहे का. मी म्हटले, का गं? तर म्हणाली, याचं पोट एवढं गोल आहे, आमच्या ओढ्यात हा एक दिवसही टिकणार नाही, पाणी याला वाहून नेईल.

मग मुलांनी मला ओढ्यावर नेले. अण्णा, तिथे बोटाएवढा एक मासा आहे, त्याचे पोट सपाट आणि पंख पंख्यासारखे पसरलेले. एवढ्या धारेतही तो दगडाला चिकटून बसतो, हलत नाही. इथल्या पावरी बोलीतले त्याचे नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, त्यावर वर्ग रोज हसतो. खाली गाळाच्या डबक्यात मरळ असतो, तो मधूनमधून वर येऊन चक्क हवा गिळतो. हे सगळे त्यांना कुणी शिकवलेले नाही. मी बीएस्सीला दोन्हींवर पाच-पाच गुणांच्या टिपा लिहिल्या होत्या, आणि समोर आल्यावर एकही ओळखला नाही.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मोगराबाई, म्हणजे दिवलीची आजी, मी मासा हातात धरायला घाबरते हे पाहून इतक्या हसल्या की खिचडी खाली लागली. त्या दिवशी सगळ्यांनी करपलेली खाल्ली.

शहाद्याबद्दल काय लिहू? मुलगा वाईट नाही. डिसेंबरात आला तेव्हा चहाचा कप त्याने स्वतः उचलून आत नेऊन ठेवला होता. पण तासाभरात त्याने मला राजीनाम्याची नोटीस किती दिवसांची असते, एवढेच विचारले. मला शिकवायला आवडते, अण्णा. हे मी तुम्हाला कधी स्पष्ट सांगितले नाही, कारण तुम्हाला ते ठाऊक असेल असे धरून चालले होते.

आईला सा. न. लोभ असू द्या, सूचना थोड्या कमी असल्या तरी चालेल.
आपली,
काजल

---

रनाळे,
ता. ९ फेब्रुवारी

चि. काजल हिस,
आशीर्वाद.

तुझी सूचनांबद्दलची सूचना वाचली. आता माझ्या सूचना.

काचेची पेटी नंदुरबारहून आणवून आमश्याकडे पोचती केली आहे. साहेबांपुढे जिवंत मासे दाखव, तक्ता मागे राहू दे. मात्र ओढ्यातले पाणी जसेच्या तसे पेटीत घालू नकोस. ते चांगले तासभर उकळ, दुहेरी फडक्यातून गाळ, थंड कर आणि मग घाल. पेटी स्वच्छ दिसेल आणि मुलांवर आरोग्याचा संस्कार होईल. मासे नव्या पाण्याशी जुळवून घेतील, पाठाचा विषयच तो आहे.

आवडीचे म्हणशील तर शहाद्यालाही शाळाच आहे. फक्त तुझी खुर्ची वर्गात नसून ऑफिसात असेल. मुलगी सासरी गेली की चार-सहा महिन्यांत रुळते. तुझी आई तापीकाठच्या गावची. इथल्या मचूळ पाण्याच्या गावात आली, आणि तेहतीस वर्षांत एका शब्दाने कुरकुरली नाही. याहून मोठे उदाहरण माझ्या तक्त्यावरही नाही. मी शहाद्याला मार्चअखेर होकार कळवतो आहे.

लोभाचे तुला ठाऊकच आहे.
अण्णा

---

पाडा,
ता. २ मार्च

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

विज्ञान दिन पार पडला. सगळे क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्ही मध्येच ओरडणार नाही.

सकाळी मोगराबाईंच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवले. बाई आज मासे करणार, या आनंदात मोगराबाई हळद आणि वाटलेली मिरची घेऊन आल्या. मासे कशात सोडायचे ते सांगितल्यावर त्यांनी हळद-मिरची बाजूला ठेवली. हे पाणी मेलेले आहे, असे काहीसे त्या म्हणाल्या. मला वाटले, उकळून जंतू मेले असे म्हणतात. मी त्यांचे कौतुक केले.

साहेब आले. पेटीत ओढ्यातले बारा मासे आणि एक मरळ सोडला. मी तांबडे वाक्य म्हणवून घेत होते. तिसऱ्यांदा म्हणताना ते बारीक मासे काचेला चिकटून वर चढू लागले, पार पाण्याबाहेर. साहेब इतके खूश झाले की उभे राहिले. बघा, मासा कसा स्वतःला बदलतो, असे मुलांना म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळी एकाही मुलाने वाजवली नाही. दिवली उठली, पेटीत हात घातला, मासे झग्यात गोळा केले आणि ओढ्याकडे धावली. तिच्यामागे अख्खा वर्ग गेला, आणि मुलांच्या मागे मीही.

बारातले सात जगले. पाणी उकळले की त्यात विरघळलेली हवा निघून जाते, हे मला माहीत होते, अण्णा. परीक्षेत लिहिले होते. पण तुमचे पत्र वाचताना ते आठवले नाही, आणि मोगराबाई सांगत होत्या तेव्हा मी ऐकले नाही. मरळ तेवढा वर येऊन हवा गिळत पेटीत मजेत होता. परत आलो तेव्हा साहेब त्याच्याशी एकटेच बसले होते. त्यांनी शेरा दिला आहे: विषयाची तयारी उत्तम, विद्यार्थ्यांत शिस्तीचा अभाव.

तांबडे वाक्य मी तक्त्यावरून खोडले, रागावू नका. मासा स्वतःला बदलत नाही. ज्या पाण्यात जे तगले त्यांची पिल्ले तगली, असे हजारो पिढ्या चालले, तेव्हा कुठे ते पोट सपाट झाले. एकट्या माशाला उचलून दुसऱ्याच्या पाण्यात टाकले तर तो फक्त काच चढतो, आणि काठावरच्यांना वाटते की जमले याला.

मी लग्नाला नाही म्हणत नाही. पण काजल जुळवून घेईल, हे वाक्य तुमचे आहे, माझे नाही. होकार कळवण्यापूर्वी निदान मला विचारा.
आपली,
काजल

---

रनाळे,
ता. १७ मार्च

चि. काजल हिस,
आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचले. चौतीस वर्षांत सुमारे दोन हजार मुलांकडून ते वाक्य पाच-पाच वेळा म्हणवून घेतले. त्यातली बरीचशी आता मोठ्या पदांवर आहेत. त्यांना कळवायचे म्हटले तरी पत्ते कुठून आणू?

तिसऱ्या दिवशी तुझी आई गहू निवडत होती. तुझे पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. अखेरीस, तुला खोटे पाडण्यासाठीच म्हण, तिला विचारले की तू तर इथे छान जुळवून घेतलेस ना. ती खडे वेचत राहिली. मग एवढेच म्हणाली की कोनी इचारं नही, मंग मी सांगं नही. मी म्हटले, आता विचारतो. त्यावर तुझ्या आईने, आमच्या कौसाबाईंनी, जे सांगायला सुरुवात केली, ते संध्याकाळच्या दिव्यापर्यंत चालले. ते सगळे लिहीत नाही, त्यातले बरेच माझ्याविषयी आहे.

काल आम्ही दोघे शहाद्याला जाऊन आलो. मी मंडळींना सांगितले की माझे आधीचे वाक्य मी मागे घेतो, मुलगी नोकरी सोडणार नाही, आणि पुढचे बोलणे तिच्याशी करावे. भूपेंद्ररावांच्या आईंनी चहा दिला आणि कळवतो म्हणाल्या. त्यांचे कळवणे येणार नाही, हे मला कळले. खरे सांगतो, वाईट वाटले. भूपेंद्रराव फाटकापर्यंत आले, त्यांनी ते उघडून धरले.

परतताना प्रकाशा गावाला तापीच्या पुलाजवळ तुझी आई गाडी थांबवा म्हणाली. मला वाटले, देवदर्शन असेल. ती घाटाच्या पायऱ्या उतरली, पदर खोचला आणि पाण्यात शिरली. कमरेएवढे झाल्यावरही थांबली नाही. मी हाका मारल्या. ती सरळ निघून गेली, हात मारत, पार मधल्या पाण्यापर्यंत, आणि तिथे पाठीवर पडून राहिली. तेहतीस वर्षांच्या संसारात तिला पोहता येते हे मला माहीत नव्हते. घाटावरच्या एका बाईने मला विचारले, या कुठल्या? मी तुझ्या आईच्या चपला हातात धरून पायरीवर बसून राहिलो.

तुझा,
अण्णा