पाठ फिरवलेले डबे

रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

आज दुकानाला सुट्टी. सकाळी कपडे धुतले, वाळत घातले. माझ्या पलंगावरची चादर बदलली. तुझ्या पलंगावरची अजून तशीच आहे. खाली जाऊन गाजरं आणि भोपळा आणला. दुपारचं जेवण व्हायचं आहे, पण त्याआधी हे लिहायला बसले. आपण जन्मभर एकाच घरात राहिलो, त्यामुळे तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. कसं लिहितात तेही नीट माहीत नाही. सुचेल तसं लिहिते.

तू गेल्यावर मी स्वयंपाक जवळजवळ सोडलाच. कामावरून येताना ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेली पाकिटं आणायची, बिस्किटं नाहीतर तो भुशासारखा पाव, आणि उभ्या उभ्या खायचं. गहू पोटात जात नाही ना, मग झालं, असं वाटायचं. तरी पोट फुगायला लागलं, तोंड आलं, जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. चष्म्याच्या दुकानात आमचे मालक म्हणाले, “अहो, पंखा लावू की नको? उडून जाल.” सगळे हसले, मीही हसले. तू असतीस तर त्यांना चांगलं ऐकवलं असतंस. मला ‘बारकी’ म्हणायचा हक्क तुझ्याशिवाय कोणाला नव्हता.

त्याच सुमारास मक्याच्या पिठाच्या डब्याने पाठ फिरवली.

तुझी ती पद्धत मी कधी मोडली नाही. तू कामाला होतीस त्या औषधांच्या दुकानात मुदत संपलेली बाटली तू नाव मागे करून ठेवायचीस, म्हणजे घाईतसुद्धा कोणाचा हात तिच्याकडे जाणार नाही. डॉक्टरांनी माझा गहू बंद केला त्या दिवशी हीच पद्धत तू घरात आणलीस. पाठ केलेला डबा तुझा, तोंड केलेला माझा. “मी सांगते ना, पाठ असेल तर वाससुद्धा घ्यायचा नाही.” नावाच्या चिठ्ठ्या तुझ्याच अक्षरातल्या आहेत. तू गेल्यावर गव्हाचा डबा मी रिकामा केला. बाकी सगळे तोंड करूनच होते. एका संध्याकाळी कामावरून आले तर मक्याच्या पिठाची चिठ्ठी भिंतीकडे. मीच फिरवला असेन, असं म्हणून मी तो सरळ केला. दुसऱ्या दिवशी परत तसाच.

त्यानंतर मी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. पोरगेल्याच आहेत, पण हुशार. म्हणाल्या, गहू सोडला तरी दुखावलेल्या आतड्याला दुसरंही काही सोसत नसेल, आणि गहू काढला की कंपन्या त्या जागी मका आणि दुधाची पावडर भरतात. ज्याच्यावर संशय त्या सगळ्यांना बाहेर काढायचं, मग एकेकाला आत घ्यायचं. दोघांना एकदम घेतलं तर त्रास कोणी दिला ते कळत नाही. मला ते लगेच पटलं. आम्हीही डोळे तपासताना एका वेळी एकच भिंग बदलतो आणि विचारतो, आता बरं दिसतं की मघाशी बरं होतं?

मका परत खाऊन पाहिला त्या दिवशी मी आडवी झाले. म्हणजे डबा खरं सांगत होता. मग दुधाच्या पावडरीने पाठ फिरवली. तीही खरी निघाली. ताई, मला भीती वाटायला हवी होती, पण मला इतकं बरं वाटलं! कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी मी फळीकडे बघायची. कधी कधी स्वयंपाकघरात तुझ्या हातांना यायचा तसा स्पिरिटचा वास असायचा. तू हयातीत जशी माझ्या ताटावर नजर ठेवायचीस, तशीच ठेवते आहेस, असं समजून मी जेवायची. पोट उतरलं, जिना एका दमात चढू लागले.

मग तांदळाचा डबा फिरला. मी काही विचारलं नाही, भात बंद केला. पाठोपाठ मूग. मग शेंगदाणे. तू सांगितलंस आणि मी ऐकलं, यात नवीन काय आहे? बाईंनी वजनाच्या काट्यावर उभं केलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “तांदूळ कोणी बंद करायला सांगितला तुम्हाला?” माझ्या तोंडून निघून गेलं, “ताईने.” त्या म्हणाल्या, “मग पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या. मला बोलायचंय त्यांच्याशी.” मी मान डोलावली.

त्यांनी मला तिथेच, त्यांच्या समोर बसवून भात खायला लावला. नुसता, मीठ घातलेला. मग रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन खायचा, असं ठरलं. काही झालं नाही, ताई. पोट दुखलं नाही, तोंड आलं नाही. मूगही सोसले. मी वाट पाहत राहिले, कारण तू चुकलीस असं मला आठवतच नाही. कोणत्याही बाबतीत.

आणि आज सकाळी भाजी घेऊन आले, तर सगळी फळी पाठ करून उभी होती. साखर, चहा, सगळं. मिठाचा डबासुद्धा. तुझं अक्षर कुठेच दिसत नव्हतं.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुझ्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. मी चमचा पुढे केला की तू तो ढकलायचीस आणि माझं मनगट घट्ट धरायचीस. “माझ्यामागे तुला कोण बघणार, बारके? तुला एकटीला इथे टाकून कशी जाऊ? तूही चल.” ते तापात बोलणं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. आज त्या फळीसमोर उभी राहिले आणि मनगटावर तीच पकड जाणवली.

म्हणून हे पत्र. तोंडाने सांगायला गेले असते तर तू मला बोलू दिलं नसतंस. तू चुकली नाहीस, ताई. मला काय सोसत नाही, ते तुला माझ्याआधी कळलं; भात सोसतो, तेसुद्धा तुला ठाऊक असणार. आणि तुला माझ्यावाचून करमत नाही, हेही मला कळलं. पण मी येत नाही. एवढंच सांगायचं होतं. मी हे लिहिते आहे आणि माझ्यामागे फळीवर पत्रा घासल्यासारखा आवाज होतो आहे. मी मागे वळून बघितलेलं नाही. पत्र पुरं झालं की उठेन आणि तांदळाचा डबा सरळ करेन. बाकीचे उद्यापासून, एका वेळी एकच. मूठभर तांदूळ धुवून गॅसवर ठेवेन, शिजेपर्यंत तिथेच उभी राहीन, आणि एक ताट घेऊन जेवायला बसेन.

तुझीच,
बारकी