अ नको, ब घ्यावी

४ नोव्हेंबर

आलो एकदाचा. ट्रंक ओढून हात भरून आलेत, पण मन एकदम खूश आहे. संग्रहालयाने दिलेली खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि पलंग असा की कूस बदलली तरी कुरकुरत नाही. बावीस वर्षं शाळेत पोरांना प्रार्थना शिकवून कान किटले होते. आता दोन महिने नुसतं बसून गाणं ऐकायचं आणि कुठली रेकॉर्डिंगं विकत घ्यावीत ते सांगायचं. याला लोक काम म्हणतात!

हे दादाने जमवून दिलं. दादा म्हणजे माझा गुरुबंधू. बाईंकडे आम्ही एकाच सतरंजीवर बसून शिकलो. तो सात वर्षांनी मोठा, आणि आता तर केवढा मोठा गवई! पण मला विसरला नाही. इथे तो सल्लागार आहे, आणि माझ्यासारखा कान शोधून सापडणार नाही असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलंय. आवाजाबद्दल मात्र त्याने तेविसाव्या वर्षीच मला स्पष्ट सांगितलं होतं, की तुझा आवाज रेकॉर्डवर बसत नाही, मैफिलीच्या फंदात पडू नकोस. लागलं होतं जिवाला. पण दादाने सांगितलं म्हणजे माझ्या भल्याचंच असणार. तेव्हापासून मी गातो ते फक्त घरात.

घरात म्हणजे चिमणीपुरतं. चिमणी माझी लेक. बाईंनी मला चाळीस चिजा दिल्या, त्या सगळ्या तिच्या गळ्यात उतरवायच्या, एवढं एकच काम माझ्याकडे उरलंय. बावीस उतरल्या. उरलेल्या अठरा आता दर रविवारी फोनवर.

५ नोव्हेंबर

व्यवस्थापक मोठे गमतीदार आहेत. तोंडात सदा खोकल्याची गोळी, त्यामुळे प्रत्येक वाक्य अर्धं गिळलेलं. त्यांनी कामाची रीत समजावली. कुणा संग्राहकाकडून टेपांच्या जोड्या आल्या आहेत. प्रत्येक जोडीत तोच राग, तीच चीज, गाणारे दोन. नावं झाकलेली, वर फक्त अ आणि ब. नाव कळलं की कान लाचार होतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. मी दोन्ही ऐकायच्या, एक निवडायची, कार्डावर निर्णय लिहायचा. नाकारलेली टेप त्याच संध्याकाळी शेजारच्या खोलीत यंत्रावर कोरी करतात, कारण कपाटात जागा नाही.

जोड्या किती, तर चाळीस! म्हटलं, वा, आमच्या बाईंचाच आकडा.

रोज सहीसाठी ताटकळायला नको म्हणून त्यांनी चाळीसही कार्डं पुढे ठेवली आणि सगळ्यांवर आत्ताच सह्या करून टाका म्हणाले. केल्या. बाई मला उतावळ्या म्हणायच्या ते उगाच नाही.

९ नोव्हेंबर

काम झकास चाललंय. चिजाही सगळ्या आमच्या बाईंच्याच घराण्यातल्या. आठ जोड्या झाल्या आणि आठही वेळा ब. त्यात माझा दोष नाही. ब गाणारा पिकलेला माणूस आहे, कुठेही घाई नाही, समेवर येतो तो घरी आल्यासारखा. अ कुणीतरी कोवळा पोरगा असावा. आवाज नाकात, दम अपुरा, आणि ओळ पुरी व्हायच्या आत मधेच श्वास. यमनच्या कार्डावर मी लिहिलं, 'अ नको. जिना चढून आल्या आल्या गायला बसलेला दिसतो. ब घ्यावी.' व्यवस्थापक गोळी गिळेपर्यंत हसले.

पोरगा कोण असेल तो असो, त्याची थोडी दयाही येते. पण दयेपोटी टेपा विकत घेता येत नाहीत.

१४ नोव्हेंबर

रविवार. चिमणीचा फोन. यमनची चीज पुन्हा घटवू या म्हणालो आणि अंतराच आठवेना! शब्द नाहीत, चाल नाही, काही नाही. तिनेच मला म्हणून दाखवला, तरी ओळखीचा वाटेना. वय झालं म्हणून हसण्यावारी नेलं. ती म्हणाली, काळजी करू नका बाबा, मी दादाकाकांना विचारीन. मी इथे आल्यापासून तो रोज घरी येऊन तिला शिकवतोय म्हणे. मला सांगितलंसुद्धा नाही. असा आहे दादा, उपकाराचा गवगवा न करणारा.

फोन ठेवल्यावर तो अंतरा तासभर शोधत बसलो. जिभेवर येतोय असंही वाटेना.

१७ नोव्हेंबर

आज व्यवस्थापकांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, तुमच्या हातात जादू आहे. मी विचारलं, कसली? तर सांगू लागले. या टेपा तीन वर्षांपासून इथेच आहेत. आधी दोन जाणकार येऊन गेले. दोघांनीही सगळे अ नाकारले. पण यंत्रावर कोरी केलेली टेप दुसऱ्या दिवशी लावली की तो पोरगा पुन्हा गातोच. दहा वेळा पुसली तरी गातोच. तुमच्या सहीने नाकारलेल्या मात्र पुसल्या की पुसल्या. सल्लागारांनी म्हणूनच तुम्हाला बोलावलं असणार.

ते हसत होते. मीही हसलो. पण जेवण गेलं नाही.

२१ नोव्हेंबर

रविवार. चिमणीपुढे भूप गेला, तोडी गेली, बिहाग गेला. तोंड उघडतो आणि आत काहीच नसतं. ती हळूच म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या का बाबा?

दुपारी चाळीस चिजांची यादी करायला बसलो. चौदाच जमल्या. मग कार्डांच्या नोंदींची वही काढली आणि ताडून पाहिलं. सव्वीस जोड्या झाल्यात. ज्या सव्वीस चिजा मला आठवत नाहीत, त्या त्याच सव्वीस.

योगायोग असेल. तीन वेळा ताडून पाहिलं.

२२ नोव्हेंबर

सत्ताविसावी जोडी. आज अ नुसती ऐकली नाही, तिच्या मागचं ऐकलं. गाण्यामागे एक घड्याळ वाजलं. पाच ठोके पडले आणि मग जरा थांबून सहावा, लंगडा. असं घड्याळ जगात एकच. बाईंच्या माजघरातलं. ते नेहमी एक ठोका जास्त द्यायचं आणि आम्ही दोघं तोंड दाबून हसायचो.

मग गाणारा पोरगा समेकडे धावला आणि बाईंचा आवाज आला, स्पष्ट, जवळून: 'उतावळ्या, दम घे.'

तो मी आहे.

अ मी आहे. आपला आवाज आपल्याला बाहेरून ओळखू येत नाही, हे मी शाळेत पोरांना शिकवायचो, आणि स्वतःच्या आवाजाला सव्वीस वेळा नको म्हणालो. चेष्टा करून म्हणालो. बाईंच्या घरी टेपचं यंत्र दादा सांभाळायचा. त्या टेपा पाणी शिरून गेल्या, असं त्यानेच मला सांगितलं होतं. आणि ब. दादाच. दुसरं कोण? नाव झाकलं, तर इतकी वर्षं ऐकलेला आवाजही मला ओळखू आला नाही.

शेजारच्या खोलीत धावलो. सव्वीस रिळं ओळीने ठेवलेली. लावून पाहिली. खरखरसुद्धा नाही.

२३ नोव्हेंबर

दादाला फोन केला. वाटलं होतं कानांवर हात ठेवील. ठेवले नाहीत. शांतपणे बोलला. म्हणाला, बाईंनी जाताना सांगितलं होतं, उतावळ्याजवळ माझं गाणं आहे तोवर तुझ्याकडे ते पुरतं येणार नाही. म्हणून तेव्हा तुला गप्प केलं. पण तू घरात गातच राहिलास. टेपा पुसून उपयोग होईना. ज्याचं असतं त्यानेच नको म्हणावं लागतं. तू किती सहज म्हणालास, असं म्हणाला. आणि हसला.

आवाज रेकॉर्डवर बसत नाही! बावीस वर्षं मी त्या एका वाक्यावर जगलो. त्याला देव मानलं. त्याच्या मैफिलीत पहिल्या रांगेत बसून मान डोलावली, आणि ती जागा त्याने मला फसवून मिळवलेली होती. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

उरलेल्या सगळ्या कार्डांवर 'अ घ्यावी' लिहायचं ठरवलं. टेबलाचा खण उघडला. कार्डं नाहीत. व्यवस्थापक म्हणाले, सल्लागारांनी मागवून घेतली. तुमची सही आहेच ना, निर्णय ते लिहून पाठवतील. मी ओरडलो. ते घाबरून गोळी शोधू लागले. त्या माणसाला काही ठाऊक नाही.

२५ नोव्हेंबर

मी ऐकत नाही, तरी यंत्र चालतंय. आज चार. भिंतीतून घरघर येते आणि आतून काहीतरी निसटतं. बागेश्री होती. आता फक्त नाव आहे.

रिळं लपवायला गेलो होतो. खोलीला कुलूप. किल्ली मागितली तर म्हणाले, सल्लागारांची परवानगी आणा.

२७ नोव्हेंबर

गुणगुणता येत नाही. सा लावायला गेलो, कुठे लावायचा तेच कळेना. खाली सायकलवाला शीळ घालतो. तो नुसता आवाज आहे. वर जातो का खाली, सांगता येत नाही.

कानासाठी मला आणलं होतं.

२८ नोव्हेंबर

रविवार. चिमणीला सगळं सांगून टाकायचं ठरवून फोन घेतला. तिलाच बोलायची घाई. म्हणाली, बाबा, दादाकाका आता अगदी तुमच्यासारखं गातात. मधेच श्वास घेतात ना, तुमच्यासारखा, तोसुद्धा! डोळे मिटले की तुम्हीच घरी आलात असं वाटतं.

मी म्हणालो, त्याच्याकडे शिकू नकोस. कारण विचारलं. सांगताना शब्द — सुराचे शब्दच सापडेनात. ती रागावली. बाबा, तुम्हाला आता येत नाही म्हणून मी थांबायचं का?

बरोबर आहे तिचं. तिलाही त्याने घेतलं.

३० नोव्हेंबर

एकोणचाळीस गेल्या. व्यवस्थापकांना माझी कीव आली असावी. चाळिसावी जोडी कानाला लावून दिली. म्हणाले, कार्ड आलंय, पण तुम्ही एकदा ऐका.

अ. आमचं घर. चिमणी चार वर्षांची. बाईंची शेवटची चीज मी तिला पहिल्यांदा शिकवतोय. तेव्हा दादा आला होता, आठवतं, खिशात छोटं यंत्र होतं. ती चुकते, मी हसतो, ती हसते, म्हणते बाबा पुन्हा. सूर मला कळला नाही. पण ती पोर कळली.

ब. काहीच नाही. दादाने ब कोरी पाठवलीय.

कार्ड पाहिलं. खाली माझी सही. वर त्याचं अक्षर. अ नको.

हातापाया पडलो. उद्या सकाळी कोरी करतील म्हणाले.

१ डिसेंबर

सकाळपासून यंत्राच्या खोलीच्या दारात बसलो. आत जायला दुसरा दरवाजा आहे, ते माहीत नव्हतं —

घरघर सुरू झाली.

लिहून ठेवतो म्हणजे जाणार नाही. चार वर्षांची. झालरीचा फ्रॉक. बाबा पुन्हा, म्हणाली. बाबा म्हणजे मी. ती —

दम लागतोय. दम घे, कुणीतरी म्हणायचं. कोण —

घरघर थांबली. बरं वाटतंय. हलकं. वही चाळतोय. अक्षर माझंच आहे. पहिल्याच पानावर कुणा चिमणीबद्दल लिहिलंय, तिच्या गळ्यात काही उतरवायचं म्हणे. फोन वाजतोय. रविवारी वाजायचा, आज कसा — एक मुलगी रडतेय, बाबा बाबा म्हणतेय. चुकीचा नंबर लागला, असं तिला सांगितलं, तर ती —