कोटाची तिसरी ट्रायल

२० जानेवारी, सोमवार

घात झाला. रेडिओवर माझा चेहरा दिसणार!

सव्वीस वर्षं बातम्या वाचतोय. कोपरावर विरलेला स्वेटर, खाली पायजमा, पायात सपाता – या थाटात मी मंत्री-मुख्यमंत्र्यांचे शपथविधी आणि देशोदेशींचे तह लोकांच्या कानांवर घातले. कुणाचं काही बिघडलं नाही. आज संचालकसाहेबांनी बोलावून सांगितलं, १० मार्चपासून संध्याकाळचं बातमीपत्र कॅमेरा लावून मोबाइलवरही दाखवायचं. "सूट लागेल. गडद रंगाचा. अंगावर नीट बसणारा." केंद्राकडून मिळेल का, विचारलं. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर भिंत आहे.

उठताना म्हणाले, "महिनाभर बघू. नाही जमलं तर नवी निवेदिका तयार आहेच." किती सहज! सव्वीस वर्षं आणि एक "तर".

२१ जानेवारी, मंगळवार

हिला सांगितलं. ही शाळेत गणित शिकवते. तिने कागदावर एक आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. दोन रेघा म्हणजे उत्तर अंतिम, वाद नाही.

२५ जानेवारी, शनिवार

तयार कपड्यांचं दुकान. विक्रेता म्हणाला, "साहेब, हा तुमच्यासाठीच शिवलाय!" आरशात बघितलं. मी कोट घातला नव्हता, कोटाने मला घातलं होतं. खांदे माझ्या खांद्यांच्या पुढे दोन बोटं चालत होते. बाह्यांतून फक्त बोटांची टोकं – बिळातून उंदीर डोकावावेत तशी. "आजकाल असंच घालतात," तो म्हणाला. कोण घालतात? पत्ता दे!

२६ जानेवारी, रविवार

मेहुणा आपला लग्नातला सूट घेऊन हजर. "भाऊजी, खर्च कशाला? एकदाच घातलाय." एकदाच का, ते घातल्यावर कळलं. रंग गंजलेल्या पत्र्याचा, वास डांबरगोळ्यांचा. शिवाय लग्नाच्या वेळी मेहुण्यात दोन माणसं मावत होती. मी आत शिरलो आणि वरून जागा उरली. ही हसता हसता खुर्चीवर बसली. मेहुणा रागावून गेला. सूट मात्र इथेच ठेवून गेला!

२९ जानेवारी, बुधवार

मोठ्या रस्त्यावरचं नामांकित शिवणघर. गारेगार हवा, मऊ सोफा. कॉफी विचारली तेव्हाच ओळखलं की कॉफीचे पैसे शिलाईत आहेत. मालकाने हळुवार आवाजात विचारलं, "आपला अंदाज काय?" मी हिच्या दोन रेघांवरचा आकडा सांगितला. त्यांनी पुढ्यातली कॉफी परत नेली नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा.

१ फेब्रुवारी, शनिवार

शिंपी मिळाला! त्याचं श्रेय हिला. म्हणाली, "दुकानात टांगलेलं बघू नका. टांगलेलं सगळंच चांगलं दिसतं. दुकानातून बाहेर पडणारा माणूस बघा." म्हणून बाजारामागच्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानासमोरच्या पानवाल्यापाशी, हेरासारखा अर्धा तास उभा राहिलो. तीन गिऱ्हाइकं बाहेर आली. तिसरे एक आजोबा, पाठीला चांगला बाक. पण कोटात असे ताठ दिसत होते की जणू पाठीचा बाक आतच ठेवून आले आहेत! मी रस्ता ओलांडला.

दुकान दोन मशिनांएवढं. मास्तर सत्तरीचे, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. बोलणं टाक्यांसारखं – मोजून.

"आवाज ओळखीचा वाटतो."

"रेडिओवर बातम्या वाचतो."

"अस्सं. तुमचा दोष नाही. बातम्याच वाईट असतात."

कापड कुठून घ्यायचं तेही त्यांनीच सांगितलं. नाक्यावरच्या दुकानात ताग्याचे शेवटचे तुकडे निम्म्या दरात देतात, काळपट निळा मागा, चकाकणारं घेऊ नका. मग टेप काढली. छाती, कंबर, गळा, बाही. प्रत्येक आकडा एका जाडजूड वहीत, तारीख घालून. कंबर छत्तीस. "उजवा खांदा खाली आहे तुमचा." असणारच! सव्वीस वर्षं माइककडे झुकतोय. "बाहेर कुणाला दिसणार नाही," मास्तर म्हणाले. डॉक्टरांनीसुद्धा मला इतक्या लक्षपूर्वक कधी बघितलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिली ट्रायल. कच्च्या टाक्यांचा कोट, एकच बाही. मी अर्धा साहेब, अर्धा बुजगावणं. पँट कमरेला सैल.

"मास्तर, हे काय?"

त्यांनी टेप लावली. पस्तीस. वही बघितली, मग चष्म्यावरून मला बघितलं. "माझं माप चुकत नाही."

"वय झालं की चुकतं कधीकधी!" – मी बोलून गेलो. काही गरज नव्हती. हल्ली तोंडाला कुलूपच नाही. मास्तर टाचण्या लावत राहिले. एकही टोचली नाही, हा त्यांचा सज्जनपणा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

केंद्रात सगळे म्हणताहेत, काय बारीक झालात! ग्रंथपालबाईंनी रहस्य विचारलं. बातमीपत्राच्या आवाजात सांगितलं, "संयम." मग कॅन्टीनला जाऊन पाच पाव आणि चार उकडलेली अंडी खाल्ली. घरी भात तिसऱ्यांदा घेतला. ही म्हणाली, "कॅमेऱ्याची धास्ती घेतलीत. धास्तीने माणूस खातो."

खातो खरा. पण मग जातं कुठे?

२२ फेब्रुवारी, शनिवार

लिहू नये असं वाटतंय. पण लिहितो.

दुसरी ट्रायल. दुकानात एक बाई ब्लाउज न्यायला आलेल्या. मी पँट घालून पडद्याबाहेर आलो, हात वर केले, आणि पँट – संपूर्ण पँट! – गुडघ्यांपर्यंत खाली. बाईंनी डोक्यावरच्या पंख्याकडे बघितलं. फार सभ्य बाई.

माझं डोकं फिरलं. "तुम्ही मुद्दाम करताय! पुन्हा पुन्हा मापं, पुन्हा पुन्हा शिलाई!" गल्लीतले लोक थांबून ऐकू लागले. आवाज कमावलेला ना! पार नाक्यापर्यंत गेला असणार. मास्तर शांतपणे कंबर मोजत होते. "चौतीस," एवढंच म्हणाले. खडू खाली ठेवला. "साहेब, भूक कशी लागते?"

"तुम्ही शिंपी आहात, वैद्य नाही!"

पडद्यामागे जाऊन माझे कपडे चढवले आणि निघालो. घामाने शर्ट ओला. घरी येऊन पंखा पुरा सोडला. ही शाल पांघरून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. सगळं ऐकून म्हणाली, "उद्या जाऊन माफी मागायची." खाली दोन रेघा तेवढ्या ओढल्या नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेलो. वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती. पहिलं सुरू करताच मास्तर म्हणाले, "हात वर करा." माफी टेपमध्येच गुंडाळली गेली.

५ मार्च, बुधवार

तिसरी ट्रायल. आणि कोट!

मास्तरांनी मागून चढवला, खांद्यांवरून एकदा तळवा फिरवला, आरशासमोरून बाजूला झाले. मी मलाच "नमस्कार" म्हणणार होतो. दोन्ही खांदे एका रेषेत. कॉलर गळ्याला धरून, पण गळा न धरता. पँट जिथे असायला हवी तिथे. चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं की मी दिसायला वाईट नाही, आजवर मला कुणी शिवलं नव्हतं एवढंच.

"कंबर साडेतेहतीस," मास्तर वहीत लिहीत म्हणाले. माझा आनंद बघून वही मिटली. पण बोलायचं होतं त्यांना. शिलाई हिच्या आकड्याच्या आत बसली. ही गणितात पहिल्यांदा खूश दिसली.

१० मार्च, सोमवार

वाचलं! दिवे इतके प्रखर की वाटलं आपल्यालाच तळताहेत. हातातला कागद थरथरत होता, म्हणून टेबलावर दाबून धरला. चुकलो नाही. शेवटचा "नमस्कार" झाल्यावर साहेब आत आले. "चेहरा चालतोय की! आता महिनाबिहिना काही नको. तुम्हीच." नवी निवेदिकाही येऊन म्हणाली, "सर, कोट कुठे शिवला?" तिच्या वडिलांसाठी हवाय म्हणे.

हिने शाळेतल्या सगळ्यांना दाखवलं. मेहुण्याचा फोन – "माझा घातला असतात तर आणखी शोभला असता." जिंकलो!

११ मार्च, मंगळवार

दुपारी दारावर थाप. मास्तर! भर दुपारी दुकान बंद करून, जिने चढून, धापा टाकत. काखेत ती वही. ही नुकतीच शाळेतून आली होती.

"काल पानवाल्याच्या मोबाइलवर बघितलं. खांद्यापाशी कोट सैल दिसला. पाच दिवसांत! माझी शिवण चुकली असेल तर फुकट नीट करून देतो. घाला कोट."

मी म्हटलं, अहो, सगळ्यांना आवडला. ऐकेनात. घातला. स्वयंपाकघरातच मापं घेतली. खांदा, छाती, कंबर. कोटाची शिवण बोटांनी चाचपली, इंच न् इंच. मग वही उघडून हिच्यापुढे ठेवली आणि तारखांवरून बोट फिरवत वाचलं – "छत्तीस. पस्तीस. चौतीस. साडेतेहतीस. आज साडेबत्तीस."

गणिताच्या बाईंना जास्त सांगावं लागत नाही. ती त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग टेबलाला धरून खाली बसली. "रोज समोर असतात हो," ती मास्तरांना म्हणाली, "रोज समोर असलेला माणूस दिसत नाही."

मी काहीतरी विनोद करायला गेलो. जमला नाही.

"माझी शिवण बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "तुम्ही चुकताय, साहेब. कोट मी नेत नाही. आधी आतला माणूस नीट करून घ्या."

पाणीसुद्धा न घेता गेले. जिन्यावर त्यांची पावलं किती वेळ ऐकू येत होती.

१२ मार्च, बुधवार

तपासणीसाठी रक्त दिलं. ही सोबत होती. एकोणीस वर्षांत शाळा पहिल्यांदा बुडवली. रांगेत माझा हात धरून बसली होती, आणि आम्ही दोघं भिंतीवरची दातांची जाहिरात पुन्हा पुन्हा वाचत होतो.

१७ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बेफाम सुटली आहे. अंगातलं सगळं तीच जाळतेय. गोळ्या, विश्रांती, वर्षभर तपासण्या. आटोक्यात येईल, म्हणाले. पण हृदयावर ताण आलेला दिसतोय, आणखी दोन महिने अंगावर काढलं असतं तर सांगता आलं नसतं.

"वेळेवर आलात. कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं?"

मी तोंड उघडलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आवाज फुटेना. हिनेच सांगितलं –

"शिंप्यांनी."